पदरमोड

मिलवॉकीत, विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या तळघरात
फिल्म बघायचं एक जुनं टेबल आहे.
त्याच्या तबकड्या फिरायला लागल्या
की आईचं कांड्या भरायचं यंत्र ऐकू येतं,
ते मी बाजूला सारते, कारण
प्रबंधाचा विषय इचलकरंजी नाही.

विषय आहे लॉरेन वोज्निएव्स्की.
आठवडाभर कातड्याच्या कारखान्यात हिशेबनीस,
शनिवार-रविवार दिग्दर्शक.
सात हिवाळ्यांत मिळून एक सिनेमा,
एक्काहत्तर मिनिटं, काळापांढरा.
चर्चच्या हॉलमध्ये तीन संध्याकाळ चालला,
चौथ्या संध्याकाळी तिथे बिंगो होता.

डबा उघडला की व्हिनेगरचा भपकारा येतो.
फिल्म मरणाला टेकली की असाच वास येतो म्हणे.
मी पांढरे हातमोजे चढवते
आणि बरणीतलं लोणचं नासलंय का बघावं
तशी वाकते.

गोष्ट म्हणाल तर एवढीच :
एका बाईची बस चुकते.
ती घरी येते, सूप पुन्हा गरम करते,
नवऱ्याला सांगत नाही.
त्यावर मी पहिल्या प्रकरणात बावीस पानं लिहिली,
मौन, अवकाश, श्रमिकांचा काळ वगैरे.
प्राध्यापक होक्स्ट्रांनी समासात पेन्सिलीने
एवढंच विचारलं :
पैसे कुठून आले?

मग तिची वही मागवली.
हिशेबनिसाचं अक्षर, उजवीकडे झुकलेलं, खाडाखोड नाही.
कच्ची फिल्म, दोन डबे, मुदत उलटलेली, निम्म्या भावात.
सॉसेज, अकरा माणसांपुरती.
स्टॅनच्या ट्रकला पेट्रोल.
आईच्या अंगठीचे आले, एकशे दहा.
आणि खाली, आकडाच नसलेली एक ओळ :
दात. पुढच्या वर्षी.
पुढच्या वर्षाच्या पानावरही तीच ओळ.
त्याच्या पुढच्याही.

त्या रात्री फोनवर भावाने विचारलं,
इंडिपेंडेंट सिनेमा म्हणजे मराठीत काय गं?
स्वतंत्र म्हणावं तर शाळेचं पटांगण दिसतं,
झेंडा, आणि उन्हात भोवळ येऊन पडलेली एक मुलगी.
अपक्ष म्हणावं तर
डिपॉझिट जप्त झालेला कोणीतरी.
मी गप्प राहिले. फोन ठेवल्यावर
भांडी घासताना शब्द आला,
आपसूक, साबणाच्या हातावर :
पदरमोड.
पदर नसलेल्या बाईची पदरमोड.

फेब्रुवारीत तिला भेटले, लिंकन अ‍ॅव्हेन्यूच्या मागे.
एक्क्याऐंशी वय, पायात पुरुषी बूट,
दारातला बर्फ स्वतःच ओढत होती.
सगळे प्रश्न मी क्रमाने लिहून नेले होते.
तिने एकच विचारला :
दुसऱ्या रिळातला तो मुलगा दिसला का तुला?

बसथांब्यावरचा. कोण, कुणाचा, माहीत नाही.
बाई बसमागे धावते
आणि हा वळून सरळ कॅमेऱ्यात बघतो.
पुन्हा घ्यायला अडतीस डॉलर लागले असते.
नव्हते. राहिला.
मी म्हटलं, नंतर तरी?
नंतर होते, ती म्हणाली,
पण तोवर आम्हाला त्याची सवय झाली होती.
आणि हसली.
डाव्या बाजूला, वरच्या ओळीत,
दाताची जागा अजून रिकामी.

आज पुन्हा तळघर. दुसरं रीळ.
होक्स्ट्रांनी बजावलंय,
एकाच चौकटीवर फार वेळ थांबू नकोस,
दिव्याने फिल्म भाजते.
मी थांबते.
बाई अर्धीच चौकटीत उरली आहे, कोटाचं टोक, एक टाच.
मुलगा बघतोय.
त्याच्या हातमोज्याला अंगठ्यापाशी भोक आहे,
आत्तापर्यंत दिसलं नव्हतं.
हे कुठल्या प्रकरणात घालू?
काचेवर हात ठेवला तर
कोमट लागतंय.